गहाण, सावकारी आणि जुना माल : आठवडी बाजारात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग जवळ आला की आमच्या तालुक्याच्या गावी सराफाच्या दुकानासमोर बायका पदराखाली काहीतरी घट्ट धरून उभ्या दिसतात. बियाण्याच्या बॅगा आणायच्या असतात, पीककर्जाचं अजून ठरलेलं नसतं. मी यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतो. बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. गहाण आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री हे दोन वेगळे विषय वाटतात. पण फसवणूक दोन्हीकडे एकाच जागी होते, ती म्हणजे कागदावर.

सोनं ठेवून पैसे देणाऱ्या सराफाला वेगळा परवाना लागतो का?

लागतो. तामिळनाडू, कर्नाटक या राज्यांत गहाणाचा धंदा करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडे डोरलं ठेवून घेणारा सराफ, सातबारा ठेवून घेणारा गावातला पैसेवाला आणि चेक घेऊन पैसे देणारा दुकानदार असे सगळे एकाच कायद्यात येतात : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. तो १६ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकार कायदा होता.

दुकानाची नोंदणी, जीएसटी क्रमांक, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सराफ संघटनेचं प्रमाणपत्र, यातलं काहीही सावकारीचा परवाना नव्हे. दागिने विकण्याची परवानगी असणं वेगळं आणि दागिने ठेवून व्याजाने पैसे देणं वेगळं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कर्ज म्हणजे फक्त नोटा नव्हेत. व्याजाने दिलेली वस्तूही या कायद्यात कर्जच धरली आहे. पेरणीला एक पोतं द्यायचं आणि सुगीत दीड पोतं घ्यायचं, ही जी ‘दीडी’ आपल्याकडे चालते, ती करणाराही सावकारीच करत असतो.

नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाने बिनव्याजी दिलेले हातउसने पैसे मात्र सावकारी नाही. त्या माणसाला कायद्याची भीती घालू नका. अडीअडचणीला धावणारी माणसं आधीच कमी उरली आहेत.

परवाना आहे की नाही, हे आम्हाला कसं कळणार?

आधी समोरच विचारा आणि कागद बघायला मागा. परवान्यावर दोन गोष्टी वाचा, मुदत आणि कार्यक्षेत्र. परवाना ठराविक भागापुरताच असतो. त्या भागाबाहेर सावकारी करता येत नाही.

विचारायला संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जा. सावकारीचं काम सहकार खात्याकडे आहे, तहसीलकडे नाही. निम्मे लोक तहसीलच्या चकरा मारून थकून माझ्याकडे येतात. परवानाधारकांची यादी सहायक निबंधकांकडे असते. तोंडी दाद मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कार्यक्षेत्राकडे दुर्लक्ष केल्याचा फटका विदर्भाने सोसला आहे. २०१५ मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज माफ करायचं ठरवलं. पण ज्या सावकारांनी कार्यक्षेत्राबाहेरच्या गावात पैसे दिले होते, त्यांच्याकडचे शेतकरी अडकले. चूक सावकाराची आणि माफीबाहेर राहिला शेतकरी. तो तिढा सोडवायला २०१९ मध्ये वेगळा निर्णय करावा लागला.

व्याज किती घेता येतं?

सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने ठरवून दिलेले वार्षिक दर असे आहेत : शेतकऱ्याला तारण घेऊन ९ टक्के, विनातारण १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला तारण घेऊन १५ टक्के, विनातारण १८ टक्के. व्याज सरळ असतं, चक्रवाढ लावता येत नाही.

बाजारात मात्र भाषा महिन्याची असते. ‘शेकडा तीन’ म्हटलं की माणसाला तीन टक्के ऐकू येतात. वीस हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये, म्हणजे ३६ टक्के. त्याच वीस हजारांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे १,८०० होतात. फरक ५,४०० रुपयांचा. हा हिशेब मी टेबलावर रोज मांडतो आणि रोज कोणीतरी गप्प होऊन कागदाकडे बघत राहतं.

पाच वर्षं झाली, फक्त व्याजच भरतो आहे. हे कधी थांबणार?

व्याजापोटी घेतलेली एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. जुन्या लोकांना हा नियम ‘दामदुपट’ म्हणून माहीत आहे आणि आजच्या कायद्यातही तो आहे. वीस हजार घेतले असतील तर व्याज वीस हजारांवर थांबलं पाहिजे. शेकडा तीनने ती रेघ चौतिसाव्या महिन्यातच ओलांडली जाते. त्यामुळे आजवर काय भरलं ते आठवून, तारखांसह एका वहीत लिहून काढा. दिवाळी, पोळा, मुलीचं लग्न अशा खुणा धरून आठवलं तरी चालेल.

पावतीत काय काय हवं? सराफ तर नुसती चिठ्ठी देतो.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि त्याला कारण आहे.

मी शाळेत असताना आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च होता. सराफाने दिलेली चिठ्ठी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. फिकट गुलाबी, तळहातापेक्षा लहान कागद, त्यावर पेन्सिलने लिहिलेलं ‘पाटली २ नग’ आणि खाली रक्कम. वजन नाही, तारीख नाही, आईचं नाव नाही. दीड वर्षाने कापूस विकून सोडवायला गेलो. आईने पाटल्या हातात घेतल्या, एकदा फिरवल्या आणि म्हणाली, “ह्या माह्या नाहीत, हलक्या हायेत.” सराफ म्हणाला, “बाई, दोन नग दिले, दोन नग घ्या.” चिठ्ठीवर खरंच तेवढंच होतं. त्या पाटल्या आईने नंतर कधी हातात घातल्या नाहीत.

त्या काळच्या कायद्यातही पावती सक्तीचीच होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि सराफाने ते सांगितलं नाही.

गहाण वस्तू घेताना सावकाराने सही केलेली पावती द्यायलाच हवी. तिच्यात वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत आणि दिलेली रक्कम असावी लागते. कर्जाची तारीख, परतफेडीची मुदत, तारण काय ठेवलं आणि व्याजाचा दर हेही लेखी मिळायला हवं. दागिन्याचं एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या, हा माझा आग्रह आहे. डोरल्यात काळे मणी असतात, जुन्या दागिन्यात लाख भरलेली असते. किती घट धरली ते तिथेच विचारा. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक असेल तर तोही पावतीवर घ्या. दागिना काट्यावर असताना, काट्याचा आकडा दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

कर्ज फिटलं की प्रत्येक कागदावर ‘फेड झाली’ असं पक्क्या शाईत लिहून सगळे कागद आणि वस्तू परत करणं सावकारावर बंधनकारक आहे.

मुदत संपली. सराफ म्हणतो सोनं बुडालं. खरं का?

नाही. ‘बुडालं’ हा बाजारातला शब्द आहे, कायद्यातला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे गहाण घेणाऱ्याला वस्तू विकायची असेल तर आधी तुम्हाला वाजवी नोटीस द्यावी लागते. विक्रीतून त्याच्या येण्यापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे पैसे तुमचे. कलम १७७ त्याहून महत्त्वाचं आहे. मुदत उलटली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत तुम्ही पैसे भरून वस्तू सोडवू शकता. उशिरामुळे त्याला झालेला खर्च मात्र द्यावा लागतो.

सोन्याचा भाव चढला की ‘बुडालं’ हा शब्द जास्त ऐकू येतो. चार वर्षांपूर्वी ठेवलेल्या दागिन्याची किंमत आज कर्ज आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. अशा वेळी सराफाने “आता सोडून दे, हिशेब बरोबरीत मिटला” म्हटलं, तर होकार देण्याआधी आजच्या भावाने दागिन्याची किंमत काढा.

पावती हरवली तर?

लगेच सराफाला लेखी कळवा, पोच घ्या आणि पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा. पावतीची दुय्यम प्रत त्याच्याकडे असायला हवी, ती मागा. पावती मुळातच दिली नसेल तर साक्षीदार, फोनवरचे मेसेज, व्याज भरल्याच्या ऑनलाइन नोंदी आणि लग्नातला तो दागिना घातलेला फोटो, असं सगळं जमवा.

सावकाराकडे परवानाच नाही. मग आमचं सोनं परत मिळतं का?

मिळू शकतं. बिनपरवाना सावकाराकडे तारण म्हणून ठेवलेली वस्तू आहे याची खात्री पटली, तर ती कर्जदाराला ताबडतोब परत करायला लावण्याचा अधिकार सहायक निबंधकांना आहे. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वैध परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नाही.

पैसे घेताना शेताचं खरेदीखत करून दिलं. शेत गेलं का?

हे दुखणं विदर्भात जुनं आहे. पैसे हवे असतात दोन लाख. सावकार म्हणतो, गहाणखत नको, खरेदीखत करू, पैसे फेडलेस की उलट करून देतो. विश्वासावर दुय्यम निबंधकासमोर सही होते, फेरफार होतो, आणि दोन वर्षांनी सातबाऱ्यावरून आपलं नाव गेलेलं दिसतं.

यासाठी कायद्यात कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारातून शेत, घर किंवा प्लॉट सावकाराकडे गेला असेल, तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी जिल्हा निबंधक करू शकतात. कायद्यातल्या या जिल्हा निबंधकाचं काम जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे असतं. व्यवहार मुळात सावकारीचाच होता असं सिद्ध झालं तर खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश निघतो. आदेश पटला नाही तर एका महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येतं. आपल्याकडे ती कार्यालयं अमरावती आणि नागपूरला आहेत.

चौकशीत मुख्य प्रश्न एकच असतो : ही खरी विक्री होती की कर्जाचं तारण? म्हणून अर्जासोबत तसे पुरावे द्या. खतातली किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी आहे का? खत झाल्यावरही शेत तुम्हीच वाहत होता का? पीक पेऱ्यात नाव कोणाचं? खतानंतरही सावकाराला पैसे देत होता का? ‘उलट करून देईन’ अशी सौदाचिठ्ठी किंवा फोनवरचं बोलणं आहे का? त्याच सावकाराने गावातल्या आणखी कोणाचं शेत असंच लिहून घेतलं आहे का? शेवटचा मुद्दा फार उपयोगी पडतो. एकट्याचा अर्ज ‘आपसातला व्यवहार’ म्हणून बाजूला पडू शकतो, पण चार जणांचे अर्ज एकाच माणसाचा धंदा उघडा पाडतात.

पंधरा वर्षांची मर्यादा लक्षात ठेवा. पंधरावं वर्ष सरत आलेले लोकही माझ्याकडे आले आहेत. अशा वेळी मी दुसरं सगळं बाजूला ठेवतो.

कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प दिला आहे.

कर्जाची खरी रक्कम न लिहिलेला कागद घेणं सावकाराला मनाई आहे. चेकचा क्रमांक, बँक आणि दिल्याची तारीख लिहून ठेवा आणि तक्रारीत ती माहिती द्या. चेक वटला नाही म्हणून वकिलाची नोटीस आली तर ती घेतल्यापासून पंधरा दिवस महत्त्वाचे असतात. नोटीस कपाटात ठेवू नका आणि उत्तर दिल्याशिवाय राहू नका.

बँकेत किंवा गोल्ड लोन कंपनीत ठेवलं तर हेच नियम का?

नाही. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे कंपनीविरुद्ध सहायक निबंधकांकडे गेलात तर हात हलवत परत याल.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जाचे नवे निर्देश काढले. ते पाळण्याची शेवटची मुदत १ एप्रिल २०२६ होती. घरखर्चासाठी अडीच लाखांपर्यंत कर्ज असेल तर सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. कर्ज फिटल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे. कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. लिलावापूर्वी सूचना द्यायची आणि वरची रक्कम परत करायची. लिहिता-वाचता न येणाऱ्याला अटी समजावून सांगताना कंपनीचा नोकर नसलेला साक्षीदार हवा. आपल्या गावांतल्या आजीबाईंसाठी हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तक्रार आधी त्या शाखेकडे लेखी करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

भंगार किंवा जुन्या मालाच्या दुकानाला परवाना लागतो का?

सावकारीसारखा सगळ्यांना लागू होणारा एकच परवाना या धंद्याला नाही. ग्रामपंचायतीची बाजार फीची पावती फक्त जागेची असते. माल चोरीचा नाही याची ती हमी नव्हे. धंदा खरा करायचा असेल तर वही ठेवा : कोणी विकलं, ओळखपत्र कोणतं, वस्तूचा क्रमांक काय, किती दिले. पोलीस आले की हीच वही वाचवते.

बाजारात स्वस्तात मोटारपंप घेतला. आता पोलीस म्हणतात चोरीचा आहे.

आपल्या भागात विहिरीवरचे पंप, केबल, तांब्याची तार, स्प्रिंकलरचे नोझल चोरीला जातात आणि चार गावं सोडून विकले जातात. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा माल घेण्या-विकण्याचा नेहमीचाच धंदा असेल तर शिक्षा फारच मोठी, जन्मठेपेपर्यंत.

‘समजायला कारण असून’ हे शब्द नीट वाचा. निम्म्याहून कमी भाव, बिल नाही, नंबरप्लेट घासलेली, विकणारा अनोळखी आणि घाईत. अशा वेळी “मले काय माहीत” हे उत्तर टिकत नाही. प्रामाणिकपणे घेतला असेल तरी पंप जप्त होतो आणि मूळ मालकाकडे जातो, तुमचे पैसे विकणाऱ्याकडूनच वसूल करावे लागतात. म्हणून मूळ बिल, नाहीतर विकणाऱ्याचं आधार आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांची चिठ्ठी घेतल्याशिवाय जुना पंप उचलू नका.

तुमचाच पंप चोरीला गेला आणि सापडला, तर जुनं बिल घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, मिळण्यासाठी अर्ज करता येतो.

जुनी मोटारसायकल घेताना काय बघायचं?

आरसी बुक, इंजिन आणि चेसिस क्रमांक, विमा, आणि बँकेचा बोजा उतरला की नाही. बोजा उतरवायचा नमुना ३५ असतो, मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. गाडी विकली, पण नाव बदललं नाही, आणि तिने अपघात केला, तर भरपाई नोंदणीत नाव असलेल्याला भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं आणि ते पाच वर्षं चालतं. डीलरकडे गाडी सोडण्याआधी ते बघा.

जुना मोबाइल?

*#०६# दाबा, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. स्वतःचा फोन हरवला तर संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो.

सोनं गहाण न ठेवता पैसे उभे करायचा मार्ग आहे का?

माल घरात असेल तर आहे. बाजार समित्यांतली शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तूर, सोयाबीन, हरभरा समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. दिवाळीच्या आधी पडत्या भावात सोयाबीन विकायचं आणि त्याच आठवड्यात मंगळसूत्र गहाण ठेवायचं, यापेक्षा हे कितीतरी बरं. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, ते सचिवांना विचारा. राबवत नसेल तर का नाही, हेही विचारा. तिथले संचालक मतं मागायला आपल्याच दारात येतात.

पीककर्ज वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून व्याज शून्यावर येतं. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जानेवारी २०२५ पासून तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे.

“तक्रार केली तर गावात राहायचं कसं?”

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, उठता उठता विचारतात. सावकार परका नसतो. तोच लग्नात आहेर करतो, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी देतो, पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच्याच दारात जावं लागेल ही भीतीही असते. ही भीती खोटी आहे असं मी कधी म्हणत नाही.

पण काही गोष्टी करता येतात. आपल्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधा आणि एकत्र अर्ज द्या. वसुलीसाठी घरी येऊन दमदाटी करणं, पाठलाग करणं, शेतावर जाऊन अडवणं हा या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. असं झालं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

अर्ज साधा लिहा. कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती घेतले, काय ठेवलं, आजवर किती भरलं, आता काय मागता. एक पान पुरतं. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कारकून “ठेवून जा, साहेब बघतील” म्हणाला तरी तिथेच थांबा. ती शिक्क्याची प्रत घरी डब्यात, सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा.